मी जहाजावर होतो, असं ठरलं होतं

नळीवर असलेल्या माणसाला ऐकू येतं. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाचं माणूस आत्ता आयसीयूत असेल, तर त्याने एवढंच वाचून तिकडे जावं. माझे हात लाकडासारखे पडले होते, तोंडात नळी होती, औषधांची गुंगी होती, तरी बहुतेक सगळं ऐकू येत होतं. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून माझ्याबद्दल जे जे बोललं गेलं, ते मी ऐकलं आहे. त्यातलं काही विसरलो. काही मुद्दाम विसरलेलो नाही.

आता बरा आहे. डाव्या पायाची बोटं अजून सुन्न आहेत आणि जिना उतरताना कठडा धरावा लागतो. हे लिहून काढा, दुसऱ्या पेशंटांना उपयोग होईल, असं आमच्या फिजिओबाई म्हणाल्या. मला शंका आहे, कारण यात धीर देण्यासारखं फार नाही. खरं आहे तेवढं लिहितो.

पाय

दोन हजार सहाच्या मे महिन्याची सुरुवात होती. माझं ऑफिस सिंगापूरमध्ये, हार्बरफ्रंटला, पण कंपनीचं जहाज दुरुस्तीला आलं की माझा मुक्काम तुआसच्या यार्डात. त्याआधी पंधरा दिवस पोट बिघडलं होतं, ते बरं होऊन मी विसरूनही गेलो होतो. मग पायांना मुंग्या येऊ लागल्या. बुटात वाळू गेल्यासारखं वाटे. मी दोनदा बूट काढून झटकले.

इंजिनरूमच्या लोखंडी शिड्या मी तीस वर्षं उतरतोय. त्या दिवशी तिसऱ्या शिडीवर गुडघे नाहीतच असं वाटलं. दोन्ही हातांनी लटकून राहिलो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टाचं बटण लागेना. बायको, वैजयंती, पाया लेबारला एका फर्ममध्ये अकाउंटंट आहे. ती ऑफिसला निघाली होती. माझी बोटं बटणावरून घसरताना तिने पाहिली, पर्स खाली ठेवली आणि टॅक्सी बोलावली.

डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला नाही. पुन्हा मारली. ते माझ्याकडे न बघता लिहायला लागले, तेव्हाच मला काय ते कळलं. पाठीतून पाणी काढलं आणि संध्याकाळपर्यंत नाव मिळालं, गुलेन बॅरे. मी इंजिनीअर म्हणून डॉक्टरांनी माझ्या भाषेत सांगितलं, की शरीराचेच रखवालदार नसांवरचं इन्शुलेशन कुरतडतायत. वायर आत शाबूत आहे, करंट पोचत नाही.

"हे वर कुठपर्यंत चढेल?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. बहुतेक लोक बरे होतात."

बहुतेक या शब्दावर मी रात्रभर पडून होतो. ते कमरेपर्यंत आलं, मग हातांत आलं. तिसऱ्या दिवशी एक वाक्य एका श्वासात पुरेना, तेव्हा नळी घालायचं ठरलं. घालण्याआधी मला एक मिनिट मिळालं. मी वैजूला म्हटलं, "गार्गीला सांग."

"हो," ती म्हणाली.

गार्गी कुठे होती

गार्गी आमची एकुलती एक. एकवीस वर्षांची, अमेरिकेत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. सिंगापूरच्या शाळेत ती नेटबॉल खेळायची, कायम गोल राखायला. तिकडे गेल्यावर लॅक्रोसच्या टीमला एक गोलकीपर कमी पडत होती म्हणून हिला उभं केलं. लांब दांडा, टोकाला जाळीची खोळ, त्यात कडक रबरी चेंडू झेलायचा, पळत पळत पुढे न्यायचा आणि गोलमध्ये मारायचा. मुलींच्या खेळात बाकीच्या नुसत्या गॉगलवर खेळतात, हेल्मेट फक्त गोलकीपरला. त्यांचा एक नियम मला फार गमतीचा वाटायचा. शिट्टी वाजली की जो जिथे असेल तिथे त्याने पुतळा व्हायचं, पाऊलसुद्धा हलवायचं नाही.

तीन वर्षं ती बाकावर बसली. शेवटच्या वर्षी गोल तिच्याकडे आला आणि टीम कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारात पोचली. सामने मेअखेरीला होते. मी मेच्या पहिल्याच आठवड्यात आडवा झालो.

नळी घातल्यावर दोन-तीन दिवसांनी वैजूचा आवाज ऐकला. दाराशी उभी राहून ती मोबाइलवर बोलत होती. "अगं, बाबा जहाजावर गेलाय. अचानक जावं लागलं. समुद्रात इंजिन बंद पडलंय कुणाचं तरी. नाही गं, फोन नाही लागणार. मेल कर, मिळेल तेव्हा वाचेल."

जहाजावर काम करणाऱ्याच्या घरात हे खोटं आयतं मिळतं. बँकेतल्या माणसाच्या बायकोला इतकं सोपं जमलं नसतं. मी पंख्याखाली पडलेल्या कागदाएवढाही हलू शकत नव्हतो आणि मला जहाजावर चढवून समुद्रात पाठवून दिलं होतं. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. मशीन मात्र ठरल्या वेळी ठरला तेवढाच श्वास देत होतं. त्यामुळे संतापून मोठा श्वाससुद्धा घेता येत नव्हता.

माझा राग कुठला होता

मी पंचवीस वर्षांचा असताना बोटीवरून मुंबईला उतरलो. पंधरा दिवसांनी मरीन इंजिनीअरच्या सर्टिफिकेटची परीक्षा होती, म्हणून होस्टेलवर राहिलो. साताऱ्याहून मोठा भाऊ, दादा, भेटायला आला. लाडू आणले. "आप्पा बरे आहेत, कोल्हापूरला आत्याकडे गेलेत, तू अभ्यास कर," असं सांगून दुपारच्या एसटीने परत गेला. शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तर तो फाटकाशी उभा. आप्पा जाऊन महिना झाला होता.

आमच्याकडे हे असंच चालतं. परीक्षा होऊ दे, लग्न पार पडू दे, मग सांगू. ज्याचं माणूस गेलं त्यालाच शेवटी कळतं. त्या दिवसापासून मी दादाशी कामापुरतं बोलतो. सणाला फोन, तोही वैजू लावून देते म्हणून. तेवीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, की माझा बाप जाण्याची बातमी माझ्यापासून चोरली. आणि आता माझ्या मुलीपासून माझी चोरत होते.

दिवस कसा जातो

आयसीयूत दिवस नसतो, पाळ्या असतात. दर दोन तासांनी कुशीवर वळवतात. नळीतला कफ ओढून काढतात, तेव्हा बुडाल्यासारखं होतं. पांघरुणाची एक घडी टाचेखाली राहिली तर दोन तास ती घडी हेच जग असतं. एकदा मला डाव्या कुशीवर वळवलं आणि कान दुमडून डोक्याखाली गेला. कान ठणकायला लागला, मग जळायला लागला. मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात काटा बघत बसलो. सांगणार कुणाला.

पाळी बदलली आणि सिस्टर रोहानी आली. तिने उगीच माझ्या डोक्याखाली हात घातला. "आय्यो अंकल, युअर इअर," असं म्हणून कान सरळ केला आणि अंगठ्याने चोळला. पुढचे सहा आठवडे तिने मला वळवलं की कान बघितल्याशिवाय ती हलली नाही. तुमचं माणूस पडून असेल तर त्याचा कान बघा.

माझा चेहरा सैल पडला होता, पण डोळे माझे होते. वर बघितलं की हो, मिटले की नाही, असं रोहानीनेच ठरवून दिलं. तिने एका पुठ्ठ्यावर ए बी सी डी लिहून दिली. कुणीतरी बोट फिरवायचं, हवं ते अक्षर आलं की मी वर बघायचं.

वैजू पुठ्ठा घेऊन पहिल्यांदा बसली. मी एस, ए, एन, जी अशी चार अक्षरं सांगितली. वीस मिनिटं लागली. सांग.

तिला पहिल्याच दोन अक्षरांत कळलं होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, तरी तिने चारही नीट पुरी होऊ दिली. मग म्हणाली, "आधी तुम्ही बरे व्हा." आणि पुठ्ठा ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

तो ड्रॉवर माझ्या उशीपासून हातभर अंतरावर होता. ती गेल्यावर मी दुपारभर ड्रॉवरच्या मुठीकडे बघत होतो.

माझ्या नावाने

गार्गीचे मेल यायचे. वैजू ऑफिसमध्ये छापून आणायची आणि खुर्ची ओढून वाचायची. "बाबा, कुठल्या समुद्रात आहेस? क्वार्टर फायनलला अकरा गोल वाचवले. कोच म्हणते, तू चेंडूला घाबरत नाहीस. मी घाबरते, पण उभी राहते." हे ऐकताना मला बरं वाटायचं आणि लाज वाटायची, कारण ते पत्र ज्याला लिहिलं होतं तो बाप जहाजावर होता, मी नव्हतो.

एक दिवस वैजू दुसराच कागद घेऊन आली. "मी उत्तर पाठवलंय तुमच्या नावाने. नाहीतर तिला शंका येईल." तिने वाचलं. प्रिय गार्गी, तू कशी आहेस, आम्हाला तुझा अभिमान वाटतो, इकडे सगळं ठीक.

मी डोळे मिटले. उघडले, पुन्हा मिटले. नाही, नाही, नाही. ती बघत राहिली आणि मग पहिल्यांदाच भडकली. आवाज न चढवता भडकली, कारण शेजारी पडद्यापलीकडे दुसरं कुणीतरी मशीनवर होतं.

"तुम्हाला सांग म्हणायला काय जातं? सांगायचं मला आहे. काय सांगू? बाबा आहे सांगू, की अजून आहे सांगू? ती वीस-बावीस तास एकटी विमानात बसेल. ती उतरेपर्यंत तुम्ही..." तिथे तिने वाक्य सोडून दिलं. नाक पुसलं. "आणि मॅच बुडाली तर तीही मला जन्मभर धरेल. तुम्ही दादांना धरलंत तसं. मी दादांनाच फोन केला होता. ते म्हणाले, स्पर्धा होऊ दे."

दादा. मी तिथे पडल्या पडल्या दादालाच पुन्हा शिव्या घातल्या. पण तिचं अर्धं सोडलेलं वाक्य मला ऐकू आलं होतं. तोपर्यंत मी फक्त माझ्या अडकण्याचा विचार करत होतो. ती सकाळी सहाला इथे, नऊला ऑफिस, सहाला परत इथे, आणि मधल्या वेळात फोनवर हसून मुलीशी बोलणार. तिलाही सुटका नव्हती. हे कळून राग गेला नाही, नुसता अवघडला.

शनिवार सकाळ

त्यांची शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे आमची शनिवारची सकाळ. भेटीची वेळ व्हायची होती, पण रोहानीने वैजूला आत सोडलं. ओल्या केसांनीच आली होती. मोबाइल माझ्या कानाशी धरून तिने गार्गीचा निरोप ऐकवला. मागे मुलींचा कालवा चालला होता.

"आई, आम्ही जिंकलो. एक्स्ट्रा टाइममध्ये. लास्ट शॉट मी अडवला, मांडीवर हा एवढा वळ उठलाय. बाबाला कळव ना कसंही करून. कॅप्टनला रेडिओवर सांगायला सांग, काहीही कर. संडेला फायनल."

वैजूने फोन खाली घेतला. मग म्हणाली, "मला आता हे जमत नाही. तुम्ही म्हणता तर आत्ता सांगते तिला. हा बघा फोन. लावू?"

तीन आठवडे मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. नुसतं वर बघायचं होतं.

मी डोळे मिटले.

तिला वाटलं मी थकलो. तिने पुन्हा विचारलं, "लावू ना?" मी उघडले आणि परत मिटले, घट्ट, जेवढे मिटता येत होते तेवढे. तो आवाज ऐकला, त्या वळाचा तिला झालेला आनंद ऐकला, आणि त्यात आपण यायला नको असं वाटलं, बस. दादाला तेवीस वर्षं ज्यासाठी माफ केलं नाही, ते मी दोन सेकंदांत केलं. डोळे उघडले तेव्हा वैजू कपाळ पलंगाच्या दांडीला टेकवून बसली होती.

सोमवारी सकाळी फायनल झाली. एका गोलने हरल्या. वैजूने सांगितलं तेव्हा वाईट वाटायच्या आधी माझ्या मनात आलं, की आता ती येईल. दुपारी वैजूने तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं किंचाळेल, रडेल. ती म्हणाली, "ओके. तिकीट बघते."

गार्गी आली

बुधवारी आली. तोवर माझी नळी तोंडातून काढून गळ्याला भोक पाडून बसवली होती, त्यामुळे तोंड तरी माणसासारखं दिसत असावं. नाकात जेवणाची नळी होतीच. गार्गीच्या अंगावर हॉस्पिटलचा पिवळा गाऊन होता आणि एका अंगठ्याला पट्टी होती. वैजू चहा घ्यायला खाली गेली. गार्गी माझ्याकडे न बघता मॉनिटरकडे बघत होती.

"आई म्हणाली, तू सांगू नको म्हणालास."

मी वर बघितलं. हो.

"ती स्वतःला ब्लेम करतेय. तू पण करशील. सो मी सांगते." तिने अंगठ्यावरची पट्टी सारखी केली. "बाबा, आय न्यू. तुझा तो मेल आला ना, त्यात लिहिलं होतं, तू कशी आहेस. तू कधी कशी आहेस विचारतोस? तू आधी वेदर लिहितोस. मग जहाज कुठे आहे ते. मग हवामान सुधारलं तर माझी चौकशी." ती हसली नाही. "मला त्याच दिवशी कळलं समथिंग इज राँग. आईला विचारलं असतं तर ती सांगून बसली असती, आणि मग मला यावं लागलं असतं. मला खेळायचं होतं. म्हणून नाही विचारलं. दहा दिवस रोज फोन केला आणि नाही विचारलं."

मशीनचा श्वास आत आला, बाहेर गेला.

"यू कॅन बी अँग्री," ती म्हणाली.

वर बघितलं असतं तर रागावलोय असा अर्थ झाला असता. मिटले असते तर नुसतं रागावलो नाही एवढंच, आणि मला जे सांगायचं होतं ते त्याच्या कितीतरी पलीकडचं होतं. पुठ्ठ्यावर ते सांगायला अख्खा दिवस लागला असता. माझ्या डोळ्यांतून पाणी कानांत गेलं आणि मला ते पुसता येईना. गार्गीने गाऊनच्या बाहीने पुसलं. तिला वाटलं मी तिच्यामुळे रडतोय. तसं नाही, हेही सांगता येईना. संपूर्ण आजारात सर्वांत अडकलेला मी तेव्हा होतो, आणि ते अकरा दिवस चाललं. ती रोज यायची, माझी बोटं एकेक करून वाकवायची, जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायची आणि त्या विषयावर चकार शब्द काढायची नाही.

आवाज

अकराव्या दिवशी गळ्यातल्या नळीवर एक छोटी झडप बसवली. दहा मिनिटं, म्हणाले, फार नको. आवाज टायरमधून हवा जावी तसा आला. गार्गी एकटीच होती. तिने कान तोंडाजवळ आणला.

"मलाही माहीत होतं," मी म्हटलं.

"काय?"

मी तुकड्या तुकड्यांनी सांगितलं. एवढं सांगायला त्या दहा मिनिटांतली नऊ गेली. दादा होस्टेलवर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर टोपी होती. जन्मात कधी टोपी घातली नव्हती त्याने. ऐन मे महिना, पंख्याखाली घामाने निथळत बसला होता, जेवतानासुद्धा काढली नाही. कानाच्या वर कापलेल्या केसांचे खुंट दिसत होते. मुलगा केस कधी उतरवतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ताटाकडे बघून जेवलो. लाडू ठेवून घेतले. आप्पा कोल्हापूरहून कधी येणार, एवढंसुद्धा विचारलं नाही. परीक्षा द्यायची होती.

हे मी वैजूलाही कधी सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

गार्गी सरळ झाली. "मग काकांवर इतकी वर्षं का चिडलास?"

झडप काढायला सिस्टर आल्या. बोलायला आणखी दहा मिनिटं दिली असती तरी बोललो नसतो.

संध्याकाळी झडप पुन्हा बसवली तेव्हा वैजूला म्हटलं, दादाला लाव. तिने फोन लावून माझ्या तोंडाशी धरला. दादा आता साठीला टेकलाय, कानाने कमी. तो नुसता "कोण? कोण बोलतंय?" करत राहिला. मी म्हणत होतो, "टोपी. मी पाहिली होती." त्याला हवेशिवाय काही पोचत नव्हतं. शेवटी गार्गीने फोन घेतला.

"काका, मी गार्गी. बाबा बोलतोय. तो म्हणतो, तुम्ही होस्टेलला टोपी घालून आला होतात ती त्याने पाहिली होती. त्याला तेव्हाच कळलं होतं."

गार्गीने फोनचा स्पीकर लावला. मग दादाने घसा खाकरला.

"ते असू दे," तो म्हणाला. "तो जेवतो का नीट?"

गार्गीने माझ्या नाकातल्या नळीकडे बघितलं. वर टांगलेल्या पातळ दुधाळ जेवणाच्या पिशवीकडे बघितलं.

"हो काका," ती म्हणाली, "अगदी व्यवस्थित जेवतो."